सुकाणूवाला

लॉर्नने गुलाबी शर्ट डोक्यातून ओढला तो पोटावर येऊन अडकला. एकोणीस बायकांत एकटा पुरुष, मग चेष्टेला काय तोटा! कप्तान मार्लीनने दोन्ही हातांनी शर्ट खाली खेचला आणि डोनट कमी कर म्हणून बजावलं.

या लांबलचक होडीत वल्हं मारायला एकच अट होती: स्तनांचा कॅन्सर झालेला असावा. लॉर्नला तो दोन वर्षांपूर्वी झाला. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली, माणूस ठणठणीत झाला. पण हॉकीच्या दोस्तांना हे सांगायचं कसं? बायकांचं दुखणं झालं म्हणून जन्मभर पिदवतील. त्याने आपलं ठोकून दिलं होतं, की मी नुसता सुकाणू धरतो. सुकाणूला कुणीही चालतं.

आणि आज शर्यतीच्या दिवशी नेमका वेन, त्या टोळक्यातला सगळ्यात तोंडाळ, घडीची खुर्ची घेऊन तळ्याकाठी हजर.

लॉर्न वल्हं घेऊन तिसऱ्या बाकावर बसला. कुणीतरी कमी पडलं असेल, असं वेनला वाटलं. ढोल वाजला आणि होडी जी सुटली, काय सांगावं! अर्ध्या होडीने पहिला नंबर. बायका हसत-रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि लॉर्नही.

मग रिवाजाप्रमाणे सगळ्या होड्या जवळ आल्या. गेलेल्या मैत्रिणींसाठी पाण्यात फूल सोडायचं, पण ते फक्त हे दुखणं भोगलेल्यांनीच. कर्ण्यावरून तसं सांगितलंही. टोपली हातोहात सरकत तिसऱ्या बाकाशी आली. लॉर्नने काठाकडे पाहिलं. वेन टक लावून बघत होता. टोपली पुढे सरकवली की झालं, सुकाणूवाला तो सुकाणूवालाच राहणार होता.

त्याने फूल उचललं, चांगलं उंच धरलं आणि पाण्यात सोडलं. इतकं मोकळं त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

धक्क्यावर वेन उभा होता. चेष्टा नाही, काही नाही, नुसती हातातली टोपी चुरगाळत होता.

"गाठ दुखायची का रे?"

"नाही. म्हणून तर उशीर झाला."

वेनचा हात हळूच स्वतःच्या छातीवर गेला.

"माझीपण दुखत नाही."

लॉर्नने त्याला खांद्याला धरून थेट मार्लीनपुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. तिने वेनला नखशिखान्त न्याहाळलं आणि फोन काढला.

"सोमवारची वेळ घेते. गाठ साधी निघाली, तर काठावर बसून ओरड. नाही निघाली, तर चौथ्या बाकावर जागा आहे."