चावायची कटकट नाही

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. तुम्ही म्हणाल, बरणीला कसलं आलंय आत्मवृत्त? पण ज्या घरात दोन सख्ख्या बहिणी आठ महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, तिथे कुणीतरी बोलायला हवंच होतं.

माझ्या पोटात जे होतं त्याला तुम्ही स्प्रेड म्हणता. बिस्किटाच्या चवीचं, गोड, पावाला लावायचं. त्याचा जन्म मी जवळून पाहिला आहे. कारखान्यात आधी चांगली खरपूस बिस्किटं भाजतात. एक बाई हातमोजे घालून त्यातली तुटकी वेचून बाजूला काढते. मग उरलेल्या अख्ख्या बिस्किटांचा यंत्रात भुगा करतात आणि तेल-साखर घालून तो घोटतात. भुगाच करायचा होता, तर बिचाऱ्या तुटक्यांचं काय चुकलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या अंगावर झकास लेबल होतं. त्यावर मला खायचे पाच प्रकार, चित्रांसकट: टोस्टवर, केळ्यावर, सफरचंदाच्या फोडींवर, गरम दुधात आणि आइस्क्रीमवर. वर ठळक अक्षरांत एक ओळ: ‘बिस्किटाची चव, चावायची कटकट नाही!’ मला त्या ओळीचा फार अभिमान होता. त्याच ओळीने पुढे घात केला.

मला विकत घेतलं धाकटीने. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिने मला तीनदा उचललं, तीनदा परत ठेवलं. शेवटी घेतलं आणि भाचीच्या हाती दिलं. “आईला सांग, मावशीने दिलंय. बाकी काही बोलू नकोस हं.” माफी मागायची वेळ आली की माणसं खरेदीला निघतात, हे मला तेव्हा कळलं.

भांडणाचं मूळ असं. थोरली घरीच बिस्किटं करते आणि चहाच्या दुकानांना पुरवते. जाड, चौकोनी, वर तीळ दाबलेली. आठ महिन्यांपूर्वी धाकटीकडे सगळे जमले, तेव्हा ती डबा भरून घेऊन गेली. दोघींचे वडील नाना थोरलीकडेच राहतात. त्यांनी पहिलंच बिस्किट तोंडात टाकलं आणि कवळीचा दात निखळून बशीत पडला. धाकटी चारचौघांत म्हणाली, “ताई, बिस्किटं केलीस की फरश्या?”

सगळे हसले. एक दात कमी असूनही नाना सगळ्यात जास्त हसले. थोरलीने डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि निघाली. त्यानंतर बोलणं बंद.

आता अशा बाईच्या हातात मी पडले. तिने लेबल वाचलं आणि तिचा चेहरा तिच्याच ओव्हनसारखा तापला.

“बघितलंत? तोंडाने बोलून समाधान झालं नाही, आता छापून पाठवतेय!”

नवरा घड्याळजी. मान वर न करता म्हणाला, “अगं, ते कंपनीने छापलंय. सगळ्याच बरण्यांवर असतं.”

“तुम्ही तुमची घड्याळं बघा.”

मग फर्मान निघालं. “हिला कुणी हात लावायचा नाही. नानांना कवळीच्या मापासाठी न्यायला ती येईल ना तीन आठवड्यांनी, तेव्हा जशीच्या तशी तिच्या हातात ठेवीन. एकदाचा विषय संपेल.”

विषय म्हणजे मी नव्हते, हे मला कळत होतं. मी अशी परत गेले असते तर धाकटीने त्या घराची पायरी पुन्हा चढली नसती. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटून घेत मी वरच्या फळीवर, मैद्याच्या डब्यामागे जाऊन बसले.

त्याच दुपारी माझ्या तोंडावरचा चंदेरी कागद फाटला. कोणी फाडला, ते तूर्तास सांगत नाही. मलाही अब्रू आहे आणि त्या व्यक्तीलाही.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलगी स्टुलावर चढली. फाटलेला कागद पाहून म्हणाली, “बाबा पण ना!” आणि निर्धास्तपणे चमचा घातला. दुसऱ्या दिवशी घड्याळजी आला. चमच्याची खूण पाहून तो पुटपुटला, “नानांना या वयात काय सुचतंय!” त्याने खाल्लं आणि नंतर घड्याळाचे काटे लावावेत तितक्या हळुवारपणे चमच्याच्या पाठीने वरचा थर सपाट केला. नानांनी कुणावर संशयच घेतला नाही. त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली, बोट बुडवलं आणि डोळे मिटले. माझ्यावरच्या ओळीचा अर्थ त्या घरात फक्त त्यांनाच कळला होता.

टोस्ट नाही, केळं नाही. पाच चित्रं रंगवणाऱ्या माणसाची मला कीव आली. माणसं मला एकाच प्रकारे खातात: उभ्याने, घाईघाईत आणि एक कान दाराकडे ठेवून.

पुढची युक्ती मुलीची. तिने मधूनच खायला सुरुवात केली, काचेला लागलेला थर तसाच ठेवून. बाहेरून मी काठोकाठ भरलेली, आतून विहीर. दोन दिवसांत बाकीच्यांनीही तीच पद्धत उचलली. एरवी पंखा किती वर ठेवायचा यावरही एकमत न होणारं ते घर, पण इथे एक चमचा इकडेतिकडे गेला नाही. मी कमी होतेय हे प्रत्येकाला दिसत होतं. पण विचारणार कोण? “बरणीतलं कमी कसं झालं?” म्हटलं, की “तुला कसं कळलं?” हा प्रश्न आलाच.

तीन आठवडे झाले. धाकटी आली. दारातच उभी राहिली. “नाना तयार आहेत का?” तिने विचारलं, भिंतीकडे बघून.

थोरली स्वयंपाकघरात गेली. फळीवरून मला काढताना तिचा हात क्षणभर थांबला. माझं वजन तिला कळलंच होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी बोलून बसली होती. आता शब्द मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

“ही घे तुझी बरणी. आमच्याकडे कुणी शिवलंसुद्धा नाही.”

धाकटीचे डोळे भरून आले. मला घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी इतकी हलकी निघाले, की तिचे हात वर उडाले.

“घरी जाऊन उघड,” थोरली घाईने म्हणाली.

धाकटीने तिथेच झाकण फिरवलं. आत पाहिलं. तळ दिसत होता.

मग नाना म्हणाले, “मी आपलं एक बोट. रोज.” मुलगी म्हणाली, “मी आतूनच खाल्लं, बाहेरून नाही.” घड्याळजी म्हणाला, “मी फक्त सपाट करत होतो.”

“सगळे चोर!” थोरली कडाडली. “माझ्या घरात, माझ्या पाठीमागे!”

धाकटीने मला उजेडात धरलं. डोळे तपासणारी बाई ती. “ताई, यात तीळ आहेत.”

“असतील. कारखान्यात घालत असतील.”

“एका बाजूला चिकटलेत. पांढरे, भाजलेले. तुझे आहेत.”

थोरली स्टुलावर बसली. होय, कागद तिनेच फाडला होता, त्या पहिल्याच दुपारी, घरात कुणी नसताना. आणि रोज दुपारी ओव्हनमधून पहिला ट्रे निघाला की पहिलं बिस्किट माझ्यात बुडत होतं. एवढी वर्षं दुकानांना बिस्किटं पुरवणारी ती बाई. स्वतःसाठी तिने एक तरी बाजूला काढल्याचं मी याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“कसं लागलं?” धाकटीने हळूच विचारलं.

“बरं लागलं.” थोरली म्हणाली, “विकतचं बिस्किट घालून बघितलं. आतच मोडतं. माझं मोडत नाही.”

“फरशी ती. कशी मोडेल?”

घड्याळजीने डोळे मिटून घेतले. नानांनी कवळी घट्ट धरली. माझ्या काचेला तडा जातो की काय, असं मला वाटलं.

थोरली हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग रडल्यासारखी. “ये की आत,” ती म्हणाली. “दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? डॉक्टर थांबेल अर्धा तास.”

काचेला उरलेला थर त्या दोघींनी बसून खाल्ला. तीळ लावलेल्या बिस्किटाने खरवडून, पाळीपाळीने. लेबलावर नसलेला हा सहावा प्रकार. बसून, सावकाश आणि दाराकडे कान न देता मला खाल्ल्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ.

आता मी धुतलेली, स्वच्छ आहे. गरम पाण्यात लेबल सुटलं. ‘चावायची कटकट नाही’ एवढा तुकडा मात्र सुटेना, तो धाकटीने नखाने काढला. ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माझी जागा आहे. पोटात आता थोरलीचे बिस्किटांवर दाबायचे तीळ आहेत. नव्या कवळीने नाना ती बिस्किटं अजून चहात बुडवूनच खातात, पण हे आपल्यात राहू द्या.

जाता जाता एक विनंती. रागाच्या भरात कुणाची वस्तू परत करायची असेल तर खुशाल करा. फक्त आधी चाखून बघू नका. नाहीतर असं करा, चाखाच.