रोज रिकामा परतणारा गंज

मी एक जुना जर्मनचा गंज आहे. मित्रांनो, आधी दोन गैरसमज दूर करतो. जर्मनीशी माझा काही संबंध नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे जर्मनचं भांडं म्हणतात, एवढंच. आणि लोखंडाला चढतो तो गंज मी नव्हे. वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात.

माझा जन्म अकोल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका गोल पत्र्यावर यंत्राने वरून दाब दिला आणि मी खोलगट झालो. माझं बालपण संपलं.

तेल्हाऱ्याच्या खुशालरावांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. खुशालराव जिनिंगमध्ये कापूस मोजायचे. त्यांची बायको सुभद्राबाई माझ्यात वरण शिजवायच्या. "या गंजातलं वरण काही येगळंच लागते," असं पाहुणे म्हणायचे. वरण सुभद्राबाईंचं, कौतुक माझं. मी ते गुपचूप घेत असे. पुढे घरात कुकर आला, स्टील आलं, मग काळी चकचकीत नॉनस्टिक भांडी आली, ज्यांना काही चिकटत नाही आणि ज्यांना कुणाचा लळाही लागत नाही. सुभद्राबाई गेल्या त्या वर्षी मला माळ्यावर ठेवलं. तिथे कूलरचा एक बिघडलेला पंप माझा शेजारी होता. सहा वर्षांत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

मग खुशालरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझे दिवस पालटले.

दोन्ही डोळ्यांत होता. अकोल्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण काका, तुमची साखर दोनशे साठ आहे. आधी ती दोनशेच्या खाली आणा. महिन्याने या. आणि फार उशीर करू नका, आतला पडदा खराब होतो, मग ऑपरेशन करूनही दिसत नाही."

खुशालरावांना तेव्हाच अर्धवट दिसत होतं. सकाळी ओट्यावर बसून शेजारच्या दाऊदचाचांना पेपर वाचून दाखवायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. अक्षरं दिसेनाशी झाली, पण सवय सुटेना. पेपर हातात धरून ते मनाच्या बातम्या सांगू लागले. एकदा तर तेल्हाऱ्याला बंदर मंजूर झाल्याचं त्यांनी वाचलं. "जहाज कुठून येईन पण?" दाऊदचाचांनी विचारलं. खुशालराव म्हणाले, "थे उद्याच्या पेपरात हाय."

डॉक्टरांनी नाश्त्याला ओट्स सांगितले होते. खुशालरावांची सून साधना हिने ते नॉनस्टिकमध्ये स्टीलच्या चमच्याने घोटले. पहिल्याच खेपेला, वाढायच्या आधीच, नॉनस्टिकचं काळं आवरण ओट्समध्ये उतरलं. म्हणून मला माळ्यावरून काढलं. सहा वर्षांनी माझ्या बुडाला जाळ लागला. आनंद झाला हो. पुढचं माहीत असतं, तर झाला नसता.

पहिल्या सकाळी साधनाने वाटी पुढे ठेवली.

"हे काय हाय बाई?"

"ओट्स हाये मामाजी. डॉक्टरनं सांगतले न."

"डॉक्टर सोता खाते का हे?"

"खातच असतीन."

"मंग त्याचं तोंड तसं काहून होतं, ते आता समजलं."

दोन चमचे खाऊन त्यांनी वाटी सरकवली. अर्धा गंज तसाच उरला. वऱ्हाडातली सून, शिजलेलं फेकणार कसं? शेजारी दाऊदचाचांच्या तोंडात दोनच दात उरले होते आणि त्या दोघांची गाठ पडत नव्हती. मऊ काही त्यांना बरंच. "चाचीकडे देऊन येते," साधना म्हणाली.

"तू राहू दे. मी जातो," खुशालराव म्हणाले. "तेवढंच चालणं होईन."

सासरे आपणहून चालतो म्हणताहेत म्हटल्यावर साधनाला भरून आलं. एका हातात काठी, एका हातात मी, असे आम्ही निघालो.

मित्रांनो, आमच्या गल्लीत एक रीत आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. दाऊदचाचांची बायको कुलसुमबी ही रीत सगळ्यात कडक पाळते. तिने ओट्स आपल्या पातेल्यात ओतून घेतले आणि मला आत नेलं.

"भाऊजी, गोड चालते न तुमाले?"

खुशालराव क्षणभर थांबले. तेवढा एक क्षण मला आशा होती.

"चालते म्हंजे? डॉक्टर म्हने, ऑपरेशनाच्या आंधी ताकद पायजे."

"या अल्ला, मंग सांगायचं न!" असं म्हणत कुलसुमबीने माझ्यात सेवयांची खीर भरली. वरून तूप, काजू. खुशालराव मला घेऊन गल्लीच्या टोकाला चिंचेखाली बसले, सगळी खीर संपवली, हापशीवर एका हाताने पाणी हापसून दुसऱ्या हाताने मला धुतलं, पंच्याने पुसलं आणि कोरडा ठणठणीत करून साधनाच्या हाती दिलं.

हे रोज होऊ लागलं.

साधना बिचारी प्रयत्न करून थकली. तिला वाटायचं, मामाजींना चव आवडत नाही. म्हणून तिने मसाल्याचे ओट्स केले. ताकातले केले. कांदा, मिरची, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर घालून पोह्यांसारखे केले. ते ना पोहे झाले ना ओट्स, दोघांचं भांडण झाल्यासारखं काहीतरी झालं. नितेश, म्हणजे खुशालरावांचा मुलगा, अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नोकरीला. तो दर शनिवारी अमरावतीहून नवं पाकीट घेऊन यायचा. एकदा त्याने पोलादी यंत्राने कापलेले जाडे ओट्स आणले. ते मी पाऊण तास शिजवले तरी त्यांनी मला दाद दिली नाही. मग गव्हाचा दलिया झाला, नाचणीचं सत्त्व झालं, बाजरीचा भरडा झाला, जवाची पेज झाली. प्रत्येक पदार्थ दोन चमचे घरी आणि बाकीचा शेजारी.

दाऊदचाचा गादीवाले. पहिल्या दिवशी ओट्स बोटांनी चाचपून म्हणाले, "खुशालभाऊ, हे गादीत भरलं तं दहा वर्षं दबत नाई." पण त्यांना ते आवडू लागले. महिन्याभरात त्यांचं पोट हलकं झालं, दम लागायचा बंद झाला आणि ते शिडी लावून कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला छपरावर चढले. खुशालरावांचं सगळं पथ्य दाऊदचाचांना लागू पडलं.

आणि खुशालरावांची साखर? नितेशने मोजायचं यंत्र आणलं होतं. पहिल्या शनिवारी दोनशे साठ. दुसऱ्या शनिवारी दोनशे ऐंशी. तिसऱ्या शनिवारी तीनशे बारा. नितेशने यंत्र उलटं करून झटकलं. पुन्हा मोजली. तीनशे चौदा.

"एवढं पथ्य करून वाढते कशी, बाबा?"

"ओट्सच गोड असतीन," खुशालराव म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं. रोज सकाळी माझ्यातून औषध जायचं आणि माझ्याच पोटातून विष परत यायचं, तेही काजू लावून. पण मी सांगू कसा? मला काठ आहे, तोंड नाही. मला एकच गोष्ट येते, करपवणं. मी ठरवलं, करपवायचं. करपलं की कुणीतरी थांबेल, विचार करेल, चौकशी करेल. तीन दिवस मी जीव तोडून खाली लावलं. साधनाने धान्य बदललं. मला तारेच्या घासणीने घासलं, एवढं की माझ्यावर कोरलेल्या आहेराच्या नावाची अर्धी अक्षरं गेली. करपलेलं शेजारी गेलं तेव्हा कुलसुमबी हळहळली, "बिच्चारे, आज त्यायचा नास्ता जळला वाट्टे," आणि तिने दुप्पट मलीदा भरला. गूळ जास्तीचा. चौथ्या दिवसापासून मी करपवणं सोडलं.

याहून वाईट एक गोष्ट घडत होती. साधनाला रोज मी रिकामा दिसत होतो.

ती फोनवर नितेशला सांगताना मी चुलीशेजारीच होतो. "लग्न होऊन आली तवापासून चाचीनं कधी खाली भांडं नाई पाठवलं. साधा लिंबू तरी टाकते. आता रोज खाली येते. काही बोल्ली का मी? माह्या हातचं आवडत नसन तं सांगावं न!" तिच्या डोळ्यांतून एक थेंब माझ्यात पडला. नंतर त्यात दलिया शिजला.

भिंतीपलीकडून कुलसुमबीने हाक मारली की साधना "हो" म्हणायची आणि आत जायची. तिकडे कुलसुमबी दाऊदचाचांना विचारायची, "बहू काहून रुसली हो माह्यावर? रोज तं भरून देते मी." दोन घरांच्या मधे साडेतीन फुटांची भिंत. तिला वळसा घालून मी रोज जात-येत होतो, आणि मला एक शब्द पलीकडे नेता येत नव्हता.

महिना झाला. खुशालराव अकोल्याला गेले. साखर जास्त म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. पुन्हा महिना गेला, पुन्हा गेले, पुन्हा परत. त्या दुपारी घरी आले तेव्हा दारातला उंबरठा त्यांना दिसला नाही. नितेशने धरलं म्हणून पडले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "लाइट लाव बाई." लाइट त्यांच्या डोक्यावरच लागलेला होता.

बातमी ऐकून कुलसुमबी आली. हातात झाकलेला वाडगा होता. साधनाने बस म्हटलं नाही.

"बहू, मी म्हनते असं कसं होते? एवढी ताकद देते मी त्यायले. रोज सेवया, रोज मलीदा. काजू किती महाग झाले, तरी टाकते."

साधनाने वळून पाहिलं. "कोनाले देता चाची?"

"कोनाले म्हंजे? भाऊजीले. तुह्या गंजात."

"माह्या गंजात?"

"मंग? खाली पाठवीन का मी? मरेपर्यंत नाई पाठवनार."

दोघींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे जबाब मागावा असं पाहिलं, आणि मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला उपडा पडलेला होतो.

मग दोघींनी खुशालरावांकडे पाहिलं. त्यांना नुसत्या दोन पुसट सावल्या दिसत होत्या. पण त्या कोणाच्या आहेत आणि कशा उभ्या आहेत, ते त्यांना बरोबर कळलं.

"मामाजी?"

"डोळ्यानं काही दिसत नाई," ते खाली मान घालून म्हणाले. "पेपर गेला. मानसं गेली. म्हटलं, तोंडाले तरी काही समजू द्या."

साधना ओरडणार होती, तिचं तोंड उघडलंही होतं. पण कुलसुमबी तिथेच खाली बसली. वाडगा मांडीवर घेऊन म्हणाली, "भाऊजी, साखर हाय म्हून सांगतलं नाई तुमी मले. मी माह्या हातानं तुमचे डोळे घालवून राहिली होती?" आणि ती रडू लागली. साधनाही तिच्याजवळ बसली. तिने चाचीचा हात धरला. खुशालरावांनी हात पुढे केला, पण त्यांना कोणाचं डोकं कुठे आहे ते सापडेना. हात हवेतच राहिला. नितेश उभा होता. त्याला कोणाला गप्प करावं ते समजेना, म्हणून त्याने पंखा कमी केला.

दुसऱ्या दिवसापासून दाऊदचाचांच्या वाट्याचं भांडं न्यायचं काम साधनाचं. पण रीत मोडायला कुलसुमबी तयार नव्हती. रिकामा गंज हातात घेऊन ती बराच वेळ विचार करत उभी राहिली. शेवटी तिने माझ्यात मूठभर मेथीचे दाणे टाकले. खुशालरावांनी ते चाचपले, हुंगले आणि दीर्घ श्वास सोडला. नाश्त्याला ज्वारीच्या कण्या होत्या. त्या संपेपर्यंत कुलसुमबी समोर वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून राहायची. अख्खी जिनिंग एकेकाळी ज्यांना घाबरायची, ते खुशालराव वाटी चाटून दाखवायचे.

सात आठवड्यांनी साखर एकशे ऐंशी आली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उजवा डोळा चांगला झाला. डाव्याचा मोतीबिंदू निघाला, पण आतला पडदा साखरेने खाल्ला होता. त्या डोळ्याने आता उजेड तेवढा कळतो. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आले असते तर कदाचित थोडं अजून वाचलं असतं. हे 'कदाचित' घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी मात्र ते रोज ऐकतो, कारण ते दोन महिने माझ्यातून गेले.

हिरवी पट्टी निघाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी साधनाने ओट्स केले. खुशालराव स्वतः माझ्यावर वाकले. उजव्या डोळ्याने आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चमचा घालून वर उचलला, तो लांबत गेला.

"हे असं दिसते?"

"हो मामाजी."

"एवढे दिवस हेच होतं?"

"हेच होतं."

खुशालरावांनी एकदा साधनाकडे पाहिलं, एकदा मोढ्यावरच्या कुलसुमबीकडे पाहिलं. दोघी त्यांना स्वच्छ दिसत होत्या. दोघी हलणार नव्हत्या. मग त्यांनी तो चांगला डोळा घट्ट मिटून घेतला आणि खायला सुरुवात केली.

मित्रांनो, भांड्यांना सगळं माहीत असतं आणि भांड्यांच्या हाती काही नसतं. तुम्हाला तोंड आहे. शेजारून भांडं रिकामं आलं तर रुसून बसण्याआधी भिंतीवरून एकदा विचारा. आणि आम्ही करपलो तर लगेच तारेची घासणी घेऊ नका. थोडं कोमट पाणी घाला आणि बाजूला ठेवा. सुटतं.