क्राऊन-पिनियन

वसुंधरा गाडी चालवायला शिकली, हे तिच्या नवऱ्याने, विश्वजीतने, तिला कधी माफ केलं नाही. तो रसायनीच्या एका कारखान्यात अधिकारी होता, ती पनवेलच्या टेलिफोन ऑफिसात. त्र्याण्णव साली त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. खांदा कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यांवर दोन महिन्यांत तिचा हात बसला. विश्वजीतला मात्र गिअर बदलताना अजून खाली बघावं लागे, आणि बिल्डिंगमधल्या लोकांनी ते पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी गाडीच्या मागच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज यायला लागला. हायवेवरच्या डीलरने ती उघडून ठेवली आणि निरोप दिला की मागचं डिफरन्शियल गेलंय. आतली दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियन, नवीन घालावी लागतील. खर्च अकरा हजार.

"हिचाच प्रताप," विश्वजीत फोनवरच डीलरच्या मॅनेजरला म्हणाला. वसुंधरा समोर बसून वाटाणे सोलत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच वर्कशॉपवर गेली. नियाज नावाचा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दात बिलकुल चांगले आहेत. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय, बस. पण माझं नाव घेऊ नका. घरी चार माणसं आहेत."

तिने नाव घेतलं नाही. शनिवारी तिघं वर्कशॉपवर गेली, अकरा वर्षांची रेवाही बरोबर होती. विश्वजीत होकार द्यायच्या बेतात असताना वसुंधरा मॅनेजरला म्हणाली, "काढलेलं सामान आधी दाखवा ना."

मॅनेजरने विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीत हसला. "दाखवा हो. होऊन जाऊ दे हिची हौस."

रॉकेलच्या ट्रेमध्ये दोन चाकं ठेवलेली होती. वसुंधराने पदर खोचला आणि एकेका दातावरून बोट फिरवलं. एकही तुटलेला नव्हता, झिजलेला नव्हता. "कुठे खराब आहे, सांगा," ती म्हणाली.

"मॅडम, ही काय भेंडी आहे, मोडून बघायला?" मॅनेजर म्हणाला. शेजारची दोन गिऱ्हाइकं हसली. विश्वजीतही हसला, सगळ्यांत जास्त वेळ.

"बेअरिंग तपासलंत का? डाव्या चाकाचं?"

मॅनेजरचं हसू गेलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

ती परत ट्रेमधले दात बघू लागली. मॅनेजरने गाडी उघडणाऱ्यालाच हाक मारली. नियाज हात पुसत आला. "काय रे, दात खराब आहेत की नाहीत? सांग मॅडमना."

नियाजने तिच्याकडे पाहिलंच नाही. "खराब आहेत, साहेब," तो म्हणाला आणि परत गाडीखाली गेला.

"झालं समाधान?" विश्वजीतने विचारलं. "आता सॉरी म्हण यांना."

"अहो..."

"भल्या माणसाला चोर ठरवलंस तू. सॉरी म्हण. तोवर आपण इथून हलणार नाही."

रेवा आईच्या तेलकट बोटांकडे बघत होती. शेजारची गिऱ्हाइकं आता हसत नव्हती, पण जातही नव्हती. वसुंधरा "सॉरी" म्हणाली. "ऐकू नाही आलं त्यांना," विश्वजीत म्हणाला. तिने पुन्हा म्हटलं.

आठ दिवसांनी गाडी परत मिळाली. त्या रविवारी तिघं आपट्याला विश्वजीतच्या आत्याकडे निघाली. शिरढोण मागे पडलं, गाडीने वेग घेतला आणि मागून तोच आवाज आला. आधी बारीक, मग चांगला घुमणारा.

"बाबा, परत वाजतंय," रेवा म्हणाली.

मैलभर गेल्यावर विश्वजीतने गाडी कडेला घेतली. "माझी पाठ दुखतेय. तू चालव," तो वसुंधराला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. महिनाभरात तो तिच्याशी इतकं साधं बोलला नव्हता. तिला बरं वाटलं. ती उतरून पुढून वळसा घालून आली आणि आपट्यापर्यंत जपून, खड्डे चुकवत तिने गाडी नेली.

आत्या आणि तिचे मिस्टर फाटकाशी उभे होते. गाडी घुमत घुमतच अंगणात शिरली.

"अरे, आवाज कसला हा? आत्ताच दुरुस्त केलीस ना?" काकांनी विचारलं.

विश्वजीतने दार उघडलं आणि मोठा उसासा टाकला. "नवंकोरं डिफरन्शियल घातलं, काका. इथवर लोण्यासारखी आली. फाट्याआधी हिने हट्टाने हातात घेतली, आणि बघा."

"खोटं आहे हे," वसुंधरा म्हणाली. "आवाज आधीपासून होता. रेवानेच सांगितलं."

सगळे रेवाकडे वळले. विश्वजीतने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग गं, राणी. आईने घ्यायच्या आधी वाजत होती का गाडी?"

रेवा घाबरली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं.

"नव्हती," ती म्हणाली.

"वसू, पुरुषांच्या कामात कशाला जायचं आपण?" आत्या समजुतीने म्हणाली आणि तिला चहाला आत घेऊन गेली.

थोड्या वेळाने रेवा स्वयंपाकघरात आली. आई ओट्यापाशी कप विसळत होती. रेवाने मागून तिचा पदर धरला आणि रडायला लागली.

वसुंधराने ओल्या हाताने पदर सोडवून घेतला. "जा," ती म्हणाली, "बाबांजवळ जाऊन बस. तिकडेच बरी आहेस तू."

परत येताना ती मागच्या सीटवर बसली. त्यानंतर कोणी गाडी चालवण्याचा विषय काढला, तर ती "मला नाही जमत," एवढंच सांगायची.