बुजवलेलं भोक

"मुळं कुजलीत, ताई. वास बघा," टबवाली म्हणाली आणि उपटलेलं टोमॅटोचं रोप तिने सुनेच्या नाकाशी धरलं.

सुनेने तोंड फिरवलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, आपोआप पाणी पिणारे टब आहेत, काळजी नको? पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी आणखी भरलं."

बाल्कनीच्या दाराला टेकून सासरे उभे होते. इमारतीत सगळे त्यांना वायसरकाका म्हणत. जन्मभर त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचे नळ आणि पाइप सांभाळले होते, आणि निवृत्तीनंतरही खिशात दोन-चार वायसर असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आता त्या वायसरना कोणी विचारत नव्हतं. घरातले नळ नव्या पद्धतीचे होते. बिघडले की अख्खे बदलायचे.

टबवाली पुन्हा सगळं समजावू लागली. बुडाला पाणी, वर माती, मधून जाड सुती वात. मातीला लागेल तेवढं पाणी वातीतून वर चढतं. जास्तीचं बाजूच्या भोकातून वाहून जातं, म्हणजे मुळं पाण्यात बुडत नाहीत. "हे बघा, हे भोक," म्हणत तिने टबाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

भोक कुठे गेलं, ते काकांना ठाऊक होतं.

टब आले त्या दिवशी सून पाणी भरून कामाला गेली, आणि मागे चारही टब गळायला लागले. नवी कोरी वस्तू आणि पहिल्याच दिवशी गळती! कितीतरी दिवसांनी काका खुशीत आले. त्यांनी पुट्टी मळली, भोकं बुजवली, वरून ओला अंगठा फिरवून अशी सफाई केली की शोधूनही सापडू नये. सुनेला सांगायचं नाही, तिच्या आपणहून लक्षात येऊ दे, असा बेत होता. तिच्या काही लक्षात आलं नाही. काका मात्र रोज टबांखालची कोरडी फरशी बघत आणि स्वतःवरच खूश होत.

टबवालीने बाकीचे तीन टबही चाचपले आणि नखाने पुट्टी खरवडली. मग तिची नजर वर आली ती थेट काकांच्या अंगठ्यावर. सकाळीच एका भोकावर त्यांनी पुन्हा पुट्टीचा हात फिरवला होता; नखाच्या कडेला ती पांढरी दिसत होती. काकांनी हात पाठीमागे नेला.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"चारही भोकं बुजलीत." टबवाली जरा थांबली. ती आपल्यासाठी थांबलीय, हे काकांना कळलं. पण त्यांनी नजर खाली टबांकडे वळवली. "माझ्याकडूनच राहिलं असणार, ताई. चुकलं माझं."

"चारही टबांचं? अहो, आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या भाजीसाठी मी सगळ्यांना तुमचं नाव सुचवलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"नका सांगू," टबवाली म्हणाली आणि पिशवी उचलली. दारातून तिने नेहमीसारखंच "येते, काका" म्हटलं. ते त्यांना जास्त लागलं.

जिन्यातली तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तेव्हा कुठे काका हलले. त्यांनी दाभण आणलं आणि एकेक टब घेऊन पुट्टी फोडली. कुबट पाणी त्यांच्या पायांवर आलं.

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "भोकं मी बुजवली होती."

सून दाराशी आली. "तुम्ही?"

"मला वाटलं गळतंय."

"मग मघाशी का नाही बोललात, बाबा? ती तुमच्यादेखत माफी मागत होती."

हाताखालच्या माणसांनी चूक लपवली की हेच काका अख्खं इस्पितळ डोक्यावर घेत. शरमेने त्यांना मान वर करवेना.

"फोन लाव तिला," ते म्हणाले. "गच्चीचं काम तिलाच मिळू दे. चूक कोणाची ते मी घरोघर जाऊन सांगतो."

सुनेने फोन लावून त्यांच्या हातात दिला. माफीचे शब्द त्यांनी मनात जुळवून ठेवले होते. पलीकडून तिचा आवाज आला आणि एकही शब्द आठवेना.

"पोरी, मी... वायसरकाका."

"बोला काका. भोकं मोकळी झाली का?"

काकांनी खाली पाहिलं. चारही टबांतून पाणी फरशीवर येत होतं, आणि ते थांबवायला त्यांचे हात अजूनही शिवशिवत होते.

"गळतंय," ते म्हणाले. "चारही टब नीट गळताहेत."