दबणारी भिंत

"ही खुंटी कुणी बदलली?" नाथाजी सरांनी सगळ्या मैदानासमोर विचारलं.

"मी," तरन्नुम पुढं होत म्हणाली.

साताऱ्याच्या त्या मैदानावर सरांना न विचारता धनुष्याचा स्क्रू फिरवायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांची कंपाउंड धनुष्यं सारखी, सरांनीच जुळवलेली. दोन टोकांना कॅम, म्हणजे लांबट चाकं. दोरी ओढली की ती फिरतात. आधी सगळा भार खांद्यावर येतो आणि मग एकाएकी उतरतो. दोरी आणखी मागं यायचीच थांबते, त्या जागेला पोरं भिंत म्हणायची. सरांच्या जुळणीत चाकाची खुंटी केबलला, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या तारेला टेकायची आणि केबल थोडी दबायची, म्हणजे भिंतच दबायची. तरन्नुमनं जरा जास्त ओढलं की बाण वर, सैल पडली की खाली.

"भीती हाय तुझ्या मनात. धनुष्याला नावं ठिवू नगंस," सर म्हणायचे. वर्षभर तिनं ते खरं मानलं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं चुलतभाऊ शोएबचं जुनं धनुष्य आणलं आणि दोन्ही आलटून पालटून मारून पाहिली. शोएबच्या धनुष्याचा कॅम गोल, मवाळ. हात किंचित पुढं गेला तरी दोरी हिसका देत नसे. पण बाण रमतगमत जायचा आणि वाऱ्यात वाहायचा. सरांचा कॅम तापट, पण बाण सरळ धाडणारा. वेगाचं सरांचं गणित बरोबर होतं, भिंत तेवढी चुकली होती. म्हणून कॅम तोच ठेवून तिनं खुंट्या बदलल्या. आता त्या केबलला नाही, धनुष्याच्या पात्यालाच टेकत. वरची आणि खालची एकाच क्षणी टेकेपर्यंत तिची बोटं सोलून निघाली. पण भिंत दगडासारखी झाली आणि बाण एकमेकांना खेटून बसू लागले.

"काढ ती," सर आता सगळ्यांसमोर म्हणाले. "न्हाईतर उद्यापास्नं मैदानावर पाय ठिवू नगंस."

"उद्या कशाला सर? आत्ताच निघते."

ती मिरजेला घरी आली. तिची अम्मी शाहजादी काळजीत पडली. "माफी मागून टाक, बेटा. मोठ्यांपुढं वाकलं म्हणून कुणी मोडत नाही."

"चुकले असते तर पाय धरले असते, अम्मी."

बादशहाचाचाच्या रानातली हळद नुकतीच निघाली होती. त्यानं बांधाला कडब्याच्या पेंढ्या रचून दिल्या. "हाण पोरी, पल्याड कुणी न्हाई." उन्हात करपत ती तिथंच मारत राहिली.

राज्य स्पर्धेच्या संघाची निवड चाचणी सांगलीत होती. तरन्नुमला पाहताच सर पंचांकडं गेले. "हिनं धनुष्यात छेडछाड केलीया."

पंचांनी ताणकाट्यानं धनुष्य ओढून पाहिलं, खुंट्या चाचपल्या. "नियमात बसतंय," म्हणाले आणि पुढं गेले.

तिचा पहिलाच बाण रागानं सुटला आणि लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाबाहेर गेला. इतरांच्या मागं दुर्बीण घेऊन सर होते. तिच्या मागं कुणीच नव्हतं. पुढच्या बाणाला तिनं दोरी ओढली, मन ठरेना म्हणून न सोडताच परत उतरवली, श्वास घेतला आणि पुन्हा ओढली. खुंट्या टेकल्या. तिनं पाठ त्या भिंतीला लावल्यागत जोर दिला. बाण मधोमध बसला.

दुपारी कृष्णेकडून वारा सुटला. शेजारच्या जागेवर मयूरी होती, सरांची सगळ्यात तयार पोर. वाऱ्याशी झटताना ती दोरी जीव खाऊन ओढू लागली, आणि तिचे बाण वर-खाली नाचू लागले.

संध्याकाळी निकाल आला. तरन्नुम दुसरी आली होती. मयूरी संघाबाहेर गेली. ती जमिनीवर बसून रडत होती आणि सर तिला सांगत होते, "भीती हाय तुझ्या मनात."

तरन्नुमच्या डोक्यात सणक गेली.

"सर, तिच्या मनाला बोल लावू नका! केबल दबतीय. माझ्या बाबतीत वर्षभर हेच केलंत तुम्ही."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. काही वेळानं ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, राज्याच्या तयारीला माझ्याकडंच ये. खुंट्या ठिव हव्या तर. पण पोरांपुढं तोंड उघडायचं न्हाई."

"खुंटी चालेल आणि तोंड चालणार नाही? मग मला चाचाचं रानच बरं." धनुष्य पेटीत ठेवून ती चालती झाली.

पुढच्या आठवड्यात ती रानात पेंढ्या बांधत असताना बांधावरून हाक आली. मयूरी उभी होती, खांद्यावर धनुष्याची पेटी.

"अगं, सरांनी हाकललं का?"

"हाकलतील म्हणून कशाला थांबू?" मयूरीनं पेटी खाली ठेवली. "मीच सांगून आले, मी चालले म्हणून. आता बोल, कुठली खुंटी आधी काढू?"