हिलालचं मशीन फ्लॉपीत

भेस्तानच्या हिलालला जगात दोनच गोष्टी येत होत्या: कारखान्यात कापडाचा लूम चालवणं आणि बन्सीलालच्या दुकानातलं पिनबॉलचं मशीन खेळणं. लूमवर त्याला कोण विचारतो! पण काचेखालची ती पोलादी गोळी त्यानं खालच्या दांडीवर झेलली आणि मशीनला मांडीचा हलकाच धक्का दिला, की उभी माणसं म्हणायची, "वा रे पठ्ठ्या!" एवढा मान कित्येकांना स्वतःच्या लग्नातही मिळत नाही.

मग व्हिडिओ गेम आले आणि बन्सीलालनं मशीन भंगारात काढलं. हिलालचं जेवणच उडालं. त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली, "माय वं! तुमची आई गेली तेव्हाही एवढं तोंड पाडलं नव्हतं!"

हिलालचा भाचा चेतन कंप्युटर क्लासात शिकवायचा, म्हणजे घरात अर्धा देवच. तो म्हणाला, "मामा, परदेशात जुनी मशीनं हुबेहूब कंप्युटरात आणतात. तुमचंही आणू." झालं! हिलाल रोज सुट्टी झाली की क्लासवर. गोळी कुठं अडते, कुठली घंटी उशिरा वाजते, डावी दांडी कशी आळशी आहे, सगळं सांगून पोराचं डोकं खाल्लं. पण चेतननं खरोखर खेळ बनवला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी फ्लॉपी मामाच्या हातात ठेवली.

"जपा हं. क्लासच्या शेठनं कंप्युटरवरचे सगळे खेळ पुसायला लावलेत. आता आहे ती एवढीच. उद्या शेठ नसतो, या दुपारी."

घरी हिलालनं फ्लॉपी देवापाशी ठेवली. "यात माझं मशीन आहे," तो बायकोला म्हणाला. ती हसली नाही. शहाण्यानं तिथंच सावध व्हावं.

दसऱ्याला आपल्या लोकांत मशीनची पूजा होते. लूमला हळदकुंकू, शिलाई मशीनला हळदकुंकू, सायकललासुद्धा. मग नवऱ्याच्या मशीननं काय घोडं मारलंय? हिलाल सकाळी कारखान्यात पूजेला गेला, तेव्हा धुरपदाबाईनं फ्लॉपी पाकिटातून काढली. तिच्या मधल्या भोकाखाली एक लांबट फट होती आणि आत काळी चकचकीत तबकडी दिसत होती. देव असणार तो तिथंच! बाईनं कुंकू ओलं केलं, बोटानं नीट आत लावलं, अक्षता वाहिल्या आणि फ्लॉपी परत पाकिटात घातली.

दुपारी चेतननं ती बाहेर काढली आणि कपाळावर हात मारला. पुसून लावून पाहिली. कंप्युटर बराच वेळ घरघरला आणि गप्प झाला.

"गेलं, मामा."

हिलाल तरातरा घरी निघाला. आज हिला सोडत नाही! दारातच धुरपदाबाई नवं लुगडं नेसून उभी.

"सुरू झालं का हो? मी कुंकू लावलं, अगदी आत. लई बोलले मी तुमच्या मशीनला. चुकलंच माझं."

घ्या! उभ्या संसारात बाईनं पहिल्यांदा चूक कबूल केली, आणि मुहूर्त पाहा! हिलालनं दारात चपला काढल्या.

"झालं सुरू," तो म्हणाला. "पण खेळलो नि वाटलं, खूळच होतं सगळं. दिलं सोडून."

धुरपदाबाईची कळी अशी खुलली म्हणता! सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकीला ती सांगत सुटली, "आमच्या ह्यांचं खूळ गेलं बाई एकदाचं. कुंकवाचा गुण!" हिलालला रडू फुटत होतं. तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवत राहिला आणि बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिला.