पांढऱ्या कुत्रीचा काळा कान

स्वतःच्याच हातानं चहात साखरेऐवजी मीठ. "आज चव वेगळीच लागतेय," म्हणत एम्रिसकाकांनी कप संपवला.

फळीवर डोळ्यांच्या थेंबांची बाटली. सील तसंच.

कुत्र्याची चार पिल्लं, एकाच आईची: एक काळं-पांढरं, एक तिरंगी, एक बापासारखं निळसर ठिपक्यांचं. चौथी पांढरीफटक, फक्त डावा कान काळा.

शरदातला डोंगर. नेचे वाळून तांबूस झालेले.

*

चौथी ती एइरा. काकांच्या पुतणीनं, टेगवेननं, तिला दोन वर्षं काकांच्याच शिट्ट्यांवर मेंढरं वळवायला तयार केलं होतं, आणि शनिवारी काका तिला गावातल्या मास्तरीणबाईंना देऊन टाकणार होते. सोफ्यावर बसायला.

"पांढऱ्या कुत्र्याला मेंढरं भीक घालत नाहीत," काका म्हणाले. "आपल्यातलीच समजतात."

"काका, एकदा डोंगरावर सोडून तर बघा!"

"मॉस आहे की. काळा कुळकुळीत. कुत्रा असा असावा."

आज डोंगरावरची मेंढरं खाली उतरवायचा दिवस. सगळ्या वाड्यांची माणसं कुत्री घेऊन एकदम चढतात, ज्याची त्याची बाजू ठरलेली. एकाची बाजू फुटली, तिथून मेंढरं निसटली, की सगळ्यांची मेंढरं पुन्हा वर. काकांची बाजू पडक्या भिंतीची. चाळीस वर्षांत ती कधी फुटली नव्हती.

काकांनी डावी शिट्टी घातली, डावीकडे जा म्हणून. मॉस आधीच डावीकडे लांब गेला होता. तो आणखी लांब गेला. पुन्हा डावी. मेंढरं भिंतीच्या खिंडाराकडे वळू लागली.

"काका, उजवी घाला!"

काका अगदी हळू म्हणाले, "पोरी, मॉस कुठाय?"

टेगवेनला चहातलं मीठ आठवलं.

तिनं एइराला सोडलं.

खिंडाराशी एक म्हातारी मेंढी एइराकडे बघत उभी राहिली. पाय आपटला. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. काळ्या कुत्र्याला बघून ती केव्हाच वळली असती. एइरा पोटावर दबली, एक पाऊल पुढे आली, थांबली. आणखी एक. मेंढीनं टक्कर द्यायला मान खाली घातली, आणि एइरानं तिच्या नाकाशी हवेत दात वाजवले.

मेंढी वळली. मागून कळप वळला.

"ती बघ," काका एकदम म्हणाले. "भिंतीच्या वरच्या अंगाला. आता खडकापाशी."

"दिसतेय तुम्हाला?"

"कान नाही दिसत. बाकीची दिसतेय." तांबड्या नेच्यांतून एक पांढरा ठिपका पळत होता. काकांनी बोटं ओठांशी नेली आणि उजवी शिट्टी घातली. ठिपका उजवीकडे वळला.

खालून शेजारचा ग्विलिम ओरडला, "एम्रिस! तुझं एक मेंढरू फारच पळतंय रे!"

"पळू दे! माझंच आहे ते!"

मॉस दुपारी आपणहून परतला, जीभ बाहेर काढून. बाजू फुटली नव्हती.

उतरताना काकांनी टेगवेनच्या खांद्यावर हात ठेवला. उतारावर ते कधी कुणाचा आधार घेत नसत.

"मास्तरीणबाईंना सांग, सोफा रिकामाच राहू दे."

"आणि डोळ्यांचे डॉक्टर?"

"ने की सोमवारी. आधी कुत्रीला खायला घाल."

तो एक काळा कान एइराला आईकडून आला होता; आई नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत काळी होती.